बोट कुणाचं

वैजयंतीबाईंच्या हॉलमधला सोफा पुतळाने एका हाताने भिंतीपर्यंत रेटला, मोकळ्या झालेल्या जागेत सतरंजी अंथरली आणि बरोबर पंख्याखाली मांडी घालून ती म्हणाली,

"सांगतंय त्या आयका नि सोडून द्या. तुमचा कुनाचाच इस्वास बसायचा नाय."

सारसोळ्याहून टेम्पोत उभ्याने आलेल्या बाया ताबडतोब तिच्याभोवती सरकल्या. सोसायटीतल्या बायका सोफ्याच्या कडेला गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. त्यांनीही बशा मांडीवर ठेवल्या. बारसं नुकतं आटोपलं होतं. पाळण्यात अमेय नावाचा बारा दिवसांचा जीव मूठ तोंडात घालून निजला होता, आणि पाळण्याची दोरी धरून पुतळाची सून स्मिता भिंतीला टेकली होती.

"अमेय म्हंजे काय गो?" गोजराने मघाशीच पुतळाच्या कानात विचारलं होतं. गोजरा म्हणजे पुतळाची शेजारीण आणि जन्मभराची श्रोती.

"ज्याचा माप नाय, असा सांगतात."

"मग एवरासा कसा?"

नाव पुस्तकातून निघालं होतं आणि पुस्तक विहीणबाईंचं, म्हणजे वैजयंतीबाईंचं होतं. पाळणा विहीणबाईंचा, दुपटी विहीणबाईंची, पंखा, फ्रीज आणि फ्रीजमधलं गार पाणी विहीणबाईंचं. पुतळाचा मुलगा कान्हा तर लग्नाच्या दिवसापासूनच त्यांचा झाला होता. शेतं वसाहतीत गेली, पोरगा रबाळ्याच्या कंपनीत लागला, कंपनीच्या ऑफिसात स्मिता टायपिंग करायची. पुढचं सांगायला नको. आता तो सासूच्या सोसायटीतच भाड्याने राहत होता, बशीत न ओतता चहा पीत होता आणि सारसोळ्याला आला की आईकडे 'पाणी' मागत होता. त्या 'पाणी'तला ण पुतळाला कोलंबीच्या डोक्यावरच्या काट्यासारखा टोचे. तांब्या पुढे करताना ती मुद्दाम मोठ्याने म्हणे, "घे, पानी पी."

पोरगा तर गेलाच होता. आज प्रश्न नातवाचा होता.

पुतळाच्या थापा गावात नावाजलेल्या होत्या. तिच्या नवऱ्याला कधीकाळी खाडीत एक जिताडा लागला होता. असेल कोपरापर्यंत. पण ती हकीकत पुतळाच्या तोंडी पडली आणि मासा दर वर्षी वाढत गेला. कान्हाच्या लग्नापर्यंत त्याला होडीत आडवा घालायला जागा उरली नव्हती. मात्र या थापांना एक शिस्त होती. आधी ती अशा दोन-तीन मारी की ऐकणाऱ्याने हसून मांडीवर थाप द्यावी. मग जी खरोखर खपवायची असे ती, साध्या आवाजात, जाता जाता सांगून टाकी. हसून दमलेला माणूस कुणाला अडवत नाही.

"त्या दिवशी भर दुपारची मी हितं आलती," पुतळाने सुरुवात केली. "सुनेला कोलंबी खावीशी झालती, ती टोपलीन घेवन. दार उघरला तं काय, सून भिंतीला धरून उभी. दिवस भरले नवते, तरी कळा चालू. घरान कोन नाय. कान्हा कंपनीन. इहीनबाय मुंबईला, शालेन शिकवाला. मी सुनेला खाली आनली नि रस्त्यान उभी केली. समोरशी आला कांद्याचा ट्रक, मार्केटला चाललेला. मी असा हात केला." तिने पंजा उगारला. "ट्रक जागच्या जागी बंद. डायवर बोलतो, मावशी, इंजीन जलला."

"हातानी?" गोजराने हवा तिथे प्रश्न टाकला.

"हातानी नाय तं काय! मंग डायवरला सारला बाजूला नि मीच चालवला."

"बंद पडलेला ट्रक?"

"उतार व्हता."

सतरंजी हसून हसून गोळा झाली. शेजारच्या ब्लॉकमधल्या सुमेधाबाई मात्र गोंधळल्या. त्या पुढे वाकून अगदी समजुतीने म्हणाल्या, "अहो पण पुतळाबाई, आमच्या ह्यांनी फियाटमधून सोडलं ना तुम्हाला? सीटला अजून कोलंबीचा वास येतोय."

"व्हती ना तुमची फियाट," पुतळा जराही न बिचकता म्हणाली. "मागशी येत व्हती. सांडलेलं कांदं उचलीत."

आता सोसायटीच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसू लागल्या. पुतळाने त्या हशाकडे पाहिलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होती. तिथे वैजयंतीबाई वाट्यांमध्ये घुगऱ्या भरत उभ्या होत्या; प्रत्येक वाटीत सारख्या. त्या हसत नव्हत्या. हातही थांबला नव्हता. काय ते हात! खडूशिवाय कधी काही उचललं नसावं असे. आणि याच हातांत, बाळ जन्मलं त्या संध्याकाळी, पुतळाच्या मांडीवर रडणारं पोर गेलं आणि क्षणात गप्प झालं होतं. जणू त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, की तुझं घर हे.

त्या संध्याकाळी त्या आल्या तेव्हा हॉस्पिटलातल्या खोलीच्या दारातूनच म्हणाल्या होत्या, "पुलावर बस बंद पडली हो. दोन तास नुसती उभी होते उन्हात." पुतळाने त्यांच्याकडे नीट पाहिलं होतं. दोन तास उन्हात उभी राहिलेली बाई, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही, साडीची निरी जागची हललेली नाही. या लोकांना घामसुद्धा येत नाही, असं मनात म्हणून पुतळाने तोंड फिरवलं होतं.

आता, हॉस्पिटलात त्या दुपारी खरं काय घडलं ते इथेच सांगितलेलं बरं, कारण पुतळा ते सांगणार नाही.

सारसोळ्यात मूल जन्मलं की नाव, वजन, रंग विचारायच्या आधी बाया विचारतात, बोट कुणाचं? बाळाच्या जिभेवर मधाचं पहिलं बोट ज्याचं, मूल त्याच्या वळणावर जातं. कान्हाला बोट होतं आज्याचं, म्हणून तो चालायच्या आधी खाडीत तरंगला. गोजराच्या थोरल्याला एका भांडकुदळ मावशीने चाटवलं, त्याचं फळ सगळा गाव अजून भोगत होता. स्मिताला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात पुतळाने मधाची बाटली आणि बोटभर चांदीची वाटी कमरेच्या पिशवीत घातली ती घातलीच. मासे विकतानासुद्धा काढली नाही. वाशीच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात मूल बाहेर आलं, पुसून आईशेजारी ठेवलं, आणि विहीणबाईंचा पत्ता नव्हता. पुतळाला वाटलं, खाडीच्या देवाने मैदान साफ करून दिलं.

पण पोराचं लक्षण बरं नव्हतं. दिवस भरायच्या आधी आलेलं, मुठीएवढं. हातपाय गार, हनुवटी थरथरायची, आणि रडणं मांजरीच्या पिलासारखं, अर्ध्यात तुटणारं. केरळची सिस्टर होती. तिने टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब कागदाच्या पट्टीवर घेतला, पट्टीचा रंग बघितला आणि तिचा चेहरा बदलला.

"शुगर कमी झाला. आत्ता लगेच आईचा पहिला दूध पायजे. नाय वर आला तर बेबीला ठाण्याला पाठवायचा, सलाईन लावायचा. आई इकडे, बेबी तिकडे."

"साखरच कमी हाय ना?" पुतळाने बाटली काढली. "मंग यो काय हाय? रानातला मध हाय. आत्ता चाटवतंय."

"नाय! मध नाय, मावशी. मध दिला तर शुगर एकदा चढतो, परत पडतो. आणि बेबीच्या पोटात आत्ता काय पण नाय, कोरा. मधात कसला पण जंतू असेल. पहिला आईकडचा चांगला जंतू जायला पायजे."

"पोरच्या पोटान जंतू सोडतंस?"

"दह्यात असतो ना, तसा," सिस्टर म्हणाली आणि गरम पाण्याची पिशवी आणायला धावली.

दह्यातला. पुतळा बाटलीचं बूच काढून तशीच उभी राहिली. तिच्या घरचं विरजण सासूच्या सासूपासून चालत आलेलं होतं. गोजराच्या घरचं ती कधी आणत नसे. त्या घरच्या विरजणाचं दही तारेला येतं. दूध कुणाचंही असो, चव विरजणाच्या घरची. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि म्हणूनच पुढचं सगळं तिला एकदम समजलं. पोराच्या कोऱ्या पोटात आता विरजण पडणार, ते स्मिताचं. म्हणजे वैजयंतीबाईंच्या घरचं. ते घालायचं कुणी, तर पुतळाने.

तिने बोट मधात बुडवलं. पोराच्या ओठापाशी नेलं. मधाचा थेंब लोंबायला लागला. पोराची हनुवटी थरथरत होती, आणि ओठ निळसर दिसत होते की काय ते तिला नीट कळेना, कारण तिचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. रागाने, असं ती म्हणाली असती.

मग तिने बोट पदराला पुसलं.

पोर ओढत नव्हतं, ताकदच नव्हती. स्मिता दमून रडत होती. सारसोळ्यात बाळंतिणीचा चीक जड म्हणून फडक्यावर पिळून टाकायचे. पुतळाने स्वतः किती जणींचा टाकला होता. आता तिने चांदीची वाटी धुऊन घेतली आणि त्याच बोटांनी पिवळाजर्द, दाट चीक थेंब थेंब वाटीत काढला. स्मिता कळवळली, "आई!" पुतळा वर न बघता म्हणाली, "हाय ना मी. हाय. हालू नको." वाटीची कड पोराच्या ओठाशी लावून तिने थेंब आत सोडले. एक. थांबून आणखी एक. मग पोराला उघडं करून आईच्या छातीवर पालथं घातलं आणि वरून स्वतःच्या लुगड्याचा पदर टाकला. दारावरचा हिरवा पडदा मधेच हलला. पंखा असेल म्हणून तिने लक्ष दिलं नाही.

बऱ्याच वेळाने सिस्टरने पुन्हा टाच टोचली, पट्टी उजेडात धरली आणि हसली. आता दर दोन तासांनी पाजत राहा, म्हणाली. ठाण्याला न्यायची गरज उरली नव्हती.

एवढं सगळं झालं होतं, आणि यातलं एक अक्षरही सारसोळ्याला नेण्यासारखं नव्हतं. जेटीवर विचारणार, बोट कुनाचा? आणि पुतळाने काय सांगायचं, की बोट पुसलं आणि माझ्याच हाताने विहिणीचं विरजण लावलं?

"मंग?" गोजरा अधीर झाली. "पोर जलमला, पुढं?"

"पुढं काय! जलमला तसा डोले उघरून मना हाक मारली."

"काय म्हनून?"

"आजी म्हनून. दुसरी काय मारील?"

पुन्हा हशा. एकीला ठसका लागला. सुमेधाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बाई बाई, तुम्ही रेडिओवर जायला हव्या होत्या." वेळ आली होती. पुतळाने पान काढलं, देठ खुडला आणि आवाज खाली आणला.

"सिस्टर गरम पानी आनाला गेली. तवर मी मध काढला नि दिला बोट चाटवून. दुसरा कोन व्हताच कोन तिथं!"

अगदी साधं. जाता जाता. पाळण्याची दोरी थांबली. स्मिताने मान वर करून सासूकडे पाहिलं. पुतळाने तिच्याकडे पाहिलं नाही. ही पोर बोलणार नाही, एवढी तिची खात्री होती. स्मिताने वाकून बाळाचं टोपडं सारखं केलं आणि दोरी पुन्हा ओढू लागली.

गोजराने टाळीच वाजवली. "म्हंजे बोट तुजा! मंग पोर आपलाच गो! ऱ्हावं दे काय नाव ठेवायचा त्या. पानी आपला, पोर आपला!"

"आपला! आपला!" टेम्पोतल्या बायांनी उचलून धरलं. कुणी पाळण्याकडे सरकून बाळाच्या गालावरून बोटं मोडली. "नाक बग, नाक. पुतलाबायचाच."

"मला वाटलं स्मितावर गेलाय," सोफ्यावरून कुणीतरी हळूच म्हणालं, पण ते कुणी ऐकलं नाही.

पुतळाने पान गालात सारलं. कित्येक महिन्यांत तिच्या छातीवरचा दगड प्रथमच हलला. आता राहू दे पोर या फ्लॅटात, पिऊ दे फ्रीजचं पाणी. बोट तिचं होतं. तिने जिंकल्यासारखं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

वैजयंतीबाई घुगऱ्यांचा ट्रे घेऊन सतरंजीच्या कडेला येऊन उभ्या होत्या.

"खोटं," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज शाळेतला नव्हता. वर्गाला पुरेल एवढा मोठाही नव्हता. तरी तो सोफ्यापर्यंत पोहोचला.

"काय खोटा?" पुतळाने भुवया चढवल्या. "ट्रकचा? त्या सोडा. त्या मस्करी व्हती."

"बोटाचं. तुम्ही बोट लावलंच नाहीत."

"तुमाला काय ठाव, इहीनबाय? तुमी व्हत्या तरी का?"

"बोट मधात बुडवलंत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "त्याच्या ओठापर्यंत नेलंत. मग पदराला पुसलंत. पदराच्या उजव्या टोकाला. वाटी धुतलीत आणि तिचं दूध त्यात काढलंत, थेंब थेंब. मी एवढी शिकलेली, मला नसतं जमलं ते." त्या थांबल्या. "ती आई म्हणून ओरडली. मला वाटलं, मला... आणि तुम्ही म्हणालात, हाय ना मी. तिने मान सुद्धा वळवली नाही. तेवढ्यावर गप्प राहिली."

स्मिताची दोरी पुन्हा थांबली होती.

पुतळाच्या डोळ्यांपुढे हिरवा पडदा हलला. घाम नसलेलं कपाळ आलं, जागची न हललेली निरी आली. थापांमध्ये जन्म गेलेल्या बाईला एवढी साधी, एवढी कच्ची थाप ओळखता आली नव्हती. सोसायटीतल्या मास्तरीणबाई थाप मारतील हेच मुळी तिच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन तास. पडद्यापलीकडे, औषधाच्या वासात, बाकावर. पर्स मांडीवर घेऊन. कशाची वाट बघत, ते पुतळाला विचारावं लागलं नाही. या घरात आल्यापासून ती स्वतःही, कुणी आत बोलावील म्हणून, त्याच बाकावर बसून होती.

गोजराला मात्र यातलं काही कळलं नव्हतं. तिचा हिशेब अडला होता. तिने एकदा विहिणीकडे पाहिलं, एकदा पुतळाकडे, आणि खणखणीत विचारलं,

"पन इहीनबाय, तुमची बस तं तवा पुलावं बंद पडलेली ना?"

सोफ्यावरच्या बायकांनीही माना वळवल्या. सुमेधाबाईंनी बशी खाली ठेवली. वर्गात उभं केलेल्या पोरीसारखा वैजयंतीबाईंचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला, आणि ट्रेवरची बोटं पांढरी पडली.

पुतळाने हात वर करून तो ट्रे त्यांच्या हातातून काढून घेतला, गोजराच्या मांडीवर ठेवला आणि आपल्या शेजारची सतरंजी तळव्याने झटकली.

"बंदच पडली व्हती बस," ती म्हणाली. "इचारतंस काय! मंग ही काय बसून ऱ्हानारी बाई हाय? पर्स घेतली दातान, पदर खवला, नि पुलावरशी मारली उडी खाडीन. पवत आली, सरल वाशीला. मी डोल्यानी बगला. साडी निथलत व्हती, केसान शेवल. तशी ओली पोरच्या जवल कशी येल? म्हनून दारान उभी ऱ्हायली, सुकाला."

कुणी हसलं नाही. हसावं की नाही ते ठरत नव्हतं. पुतळा पान चघळत, एकाही पापणीची हालचाल न करता, सगळ्यांकडे पाहत राहिली. वैजयंतीबाईंनी साडी सावरली आणि त्या खाली, सतरंजीवर, पुतळाने झटकलेल्या जागेत येऊन बसल्या.

"पुतळाबाई," त्या म्हणाल्या, "मला पोहता येत नाही."